शनिवार दुपार, वालाचं बिरडं आणि बंद मोबाईल

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या एका आईचा आहे. पाच वर्षांचा मुलगा, अडीच वर्षांची मुलगी. नवरा मुंबईला नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. घरात सासूबाई. ही घरीच ब्लाऊज शिवते, गिऱ्हाईकं गळ्याच्या डिझाईनचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. आठवड्यातला एक दिवस मोबाईल-टीव्ही बंद ठेवायचा असं तिने ठरवलं. सगळे फोन एका डब्यात घालून डबा फडताळावर ठेवला. पहिला रविवार सकाळी अकरापर्यंत टिकला. दुसऱ्या रविवारी मुलाने डबाच खाली ओढून फेकला, सासूबाई म्हणाल्या, "कशाला रडवतेस पोराला," आणि शेवटी तिनेच फोन काढून त्याच्या हातात दिला. ती विचारते, माझं काय चुकलं? आणि आता पाऊस तोंडावर आलाय, चार महिने मुलं घरात, तेव्हा हे जमायचं कसं? खाली एक ओळ आहे, जाता जाता लिहिल्यासारखी: "धाकटी अजून पाच-सहाच शब्द बोलते, तेही मोबाईलमुळेच का?"

ताई, मी दापोली तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात सत्तावीस वर्षं बालवाडी चालवते. त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण ते काम कुठल्याही वाराची वाट बघत ठेवायचं नाही. अडीच वर्षांचं मूल सहसा दोन-दोन शब्द जोडायला लागलेलं असतं: "आई ये", "पाणी दे", "बाबा गेला". पाच-सहाच शब्द असतील तर आधी कान तपासून घ्या. कारण मोबाईल असेलही, नसेलही. ते आपण ओटीवर बसून ठरवायचं नाही. माझ्याकडे एक मुलगा यायचा. "मोबाईलने बिघडलाय" म्हणून त्याची आई वर्षभर घरच्यांची बोलणी खात होती. निघालं काय, तर दोन्ही कानांत पडद्याच्या आत पाणी साचलेलं, पोराला ऐकूच कमी येत होतं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासायला वर्षातून दोनदा येतं. ते नुकतंच येऊन गेलं असेल तर पुढच्या खेपेची वाट बघू नका, थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. हे या आठवड्यात करा. बाकी सगळं मागाहून.

आता मूळ प्रश्न. तुम्ही रविवार निवडलात तिथेच अर्धा डाव गेला. रविवार हा आपल्याकडे फोनचाच वार. मुंबईहून नवऱ्याचा व्हिडिओ कॉल, नणंदेचा कॉल, भावकीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी बारशाचे शंभर फोटो, टीव्हीवर मालिकांचे लांबलचक भाग, आणि शेजारची मोठी पोरं पायरीवर गेम खेळत बसलेली. त्या दिवशी मोबाईल बंद ठेवायचा म्हणजे लग्नघरात एकादशी धरायची.

शनिवार घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळा शनिवारी सकाळच्या असतात, बालवाड्याही बहुतेक लवकर सुटतात. मुलगा बाराच्या आगेमागे घरी. संध्याकाळी मारुतीला जायचं. म्हणजे दोन खुंट्या आधीच ठोकलेल्या आहेत, मध्ये दोरी तेवढी बांधायची. "आठवड्यातून एकदा" ही भाषा पाच वर्षांच्या मुलाला कळत नाही. "सकाळची शाळा, मग आपला वार, मग मारुती" हे त्याला तिसऱ्या खेपेला पाठ होतं. धाकटीला तेही कळणार नाही. तिला वातीचा आणि तेलाचा वास आला की कळेल. (मारुतीच्या माळेला रुईची पानं मात्र तुम्हीच तोडा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर ऐन संध्याकाळी दवाखाना गाठावा लागतो.)

आणि अख्खा दिवस नको. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत, सहा-सात तास, एवढं पुष्कळ झालं. पाच-सहा शनिवार बरे गेले की मग सुरुवात शुक्रवारच्या दिवेलागणीवर न्या. त्याचा फायदा असा की मधली रात्रही आत येते, आणि सकाळी डोळे उघडल्यावर उशापाशी फोन नसतो. पण ते पुढचं.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथे २०२२ साली गावाने ठरवून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. ती बातमी आली तेव्हा आमच्याकडचे पालक म्हणाले, बाई, आपल्याकडेही एक भोंगा बसवा. मला त्या बातमीत दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे दीडच तास. गावाने हाव केली नाही. दुसरी म्हणजे भोंगा कुणाची आई नसतो. "बंद कर" हे शब्द जोवर तुमच्या तोंडात आहेत तोवर मुलगा तुमच्याशी भांडणार, कारण तुम्ही विरघळता हे त्याला ठाऊक आहे. भोंग्याशी कोण भांडणार? तुमच्या घरात भोंगा म्हणजे शाळेचं दप्तर. दप्तर खुंटीला लागलं की फोन मशिनच्या ड्रॉवरमध्ये. आणि सोडायचं कुणी? दिव्याने. देवापाशी दिवा लागला, मारुतीला जाऊन आलो, की झालं. मधे घड्याळ दाखवायचं नाही, "अजून दोन तास" म्हणायचं नाही.

डबा नको तो एवढ्याचसाठी. फडताळावर दिसणारा डबा म्हणजे पोरासमोर गुळाची ढेप ठेवून "हात लावू नकोस" म्हणण्यासारखं आहे. तो दिवसभर डब्याकडेच बघत राहणार. जे दिसत नाही ते तासाभराने विसरतं. पाच वर्षांचं तर नक्की विसरतं.

तुमचा स्वतःचा फोन हा खरा अडसर आहे, आणि इथे मी तुम्हाला उपदेश करणार नाही. गिऱ्हाईक गेलं तर शनिवार काय खायचा? पण एक करता येईल. पूर्वी घरातला फोन भिंतीपाशी असायचा; बोलायचं तर तिथे उठून जायचं. तुमचा फोन शनिवारी मशिनपाशीच राहू दे. वाजला तर तिथे जा, उभ्यानेच बोला, आणि काय करताय ते मोठ्याने सांगा: "काकूंचं माप विचारते हां, बाही किती ते." मुलाला कळतं की हा मशिनचा फोन, कातरीसारखा. तुम्ही गुपचूप कोपऱ्यात जाऊन पडदा वर सरकवत बसलात तर मात्र त्याला दुसरंच काहीतरी कळतं, आणि ते चुकीचं नसतं. गिऱ्हाईकांना एकदा सांगून ठेवा, शनिवारी दुपारी डिझाईन बघणार नाही, संध्याकाळी बघेन. दोन जणी कुरकुरतील. ब्लाऊज नीट बसत असेल तर कुणी कुठे जात नाही.

नवऱ्याचा कॉल बंद करू नका. हे मी ठासून सांगते, कारण काही पालक नियमाच्या नादात तेही तोडतात. चाकरमान्याचं मूल बापाला महिन्यातले अठ्ठावीस दिवस त्या पडद्यावरच बघतं. ते करमणुकीत धरायचं नाही. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, म्हणजे आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोन वर्षांच्या आत कुठलाच स्क्रीन नको म्हणते, आणि तिनेही नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलला सूट दिलेली आहे. फक्त वेळ ठरवा. त्यांची जेवणाची सुट्टी असेल तेव्हा दहा मिनिटं. फोन मुलाच्या हातात द्यायचा नाही, तांब्याला टेकून उभा करायचा, आणि शेवटी बाबानेच म्हणायचं, "चल, ठेव आता, आजीला काय सोलून दिलंस ते रात्री सांग." बापाने ठेवला की फोन गेला. तुम्ही ठेवलात की रडारड. अन्याय आहे, पण असं आहे.

सासूबाईंबद्दल मी माझी चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी पालकसभेत मी आज्यांना चांगलं तासभर झापलं होतं: तुम्ही मालिका बघता, मुलं तुमच्या मांडीवर बसून भांडणं शिकतात, वगैरे. दुसऱ्या आठवड्यात तीन मुलं बालवाडीत यायची बंद झाली. बरोबरच केलं त्यांनी. दिवसभर सून मशिनवर, मुलगा मुंबईला, गुडघे दुखतात, त्या बाईची बोलायला दुसरी जागा नाही. ती मालिकाही मी काढून घ्यायला निघाले होते. सासूबाईंची मालिका संध्याकाळी साडेसाताला असेल तर ती तुमच्या शनिवारात येतच नाही. दिवा लागला की मोकळं. दुपारचा पुनःप्रक्षेपणाचा भाग तेवढा सुटेल. आणि "टीव्ही लावू नका" असं त्यांना सांगायचंच नाही. "आज बिरडं करायचंय, तुम्ही सोलायला बसाल का, मुलं तुमच्यापाशी बसतील," असं सांगायचं. टीव्ही चालू असला की मोठी माणसं मुलांशी कमी बोलतात, हे तुम्ही तुमच्याच घरात बघू शकाल. बिरडं सोलताना बोलल्यावाचून राहवत नाही.

आता त्या पहिल्या तासाविषयी, कारण तुमचा रविवार तिथेच मोडला. मूल चिडतं, लोळतं, "कंटाळा आला" म्हणतं, धाकटं कमरेला चिकटतं. आपण घाबरून खेळ सुचवायला लागतो: चित्र काढ, गाडी खेळ, गोष्ट सांगू का. दहा सुचवणी, दहा नकार, मग फोन. मी सांगते, काही सुचवू नका. "हो, येतो कंटाळा," म्हणा आणि तुमचं काम करत राहा. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आमच्या वाडीतली लाईट गेली ती जवळजवळ महिन्याने आली. त्याआधीचे दोन महिने टाळेबंदी. बालवाडी बंद, आणि कबूल करते, मीच पालकांच्या फोनवर गाण्यांचे, ठिपके जोडण्याचे व्हिडिओ पाठवत होते. ज्यांच्या हातात फोन नव्हता त्यांच्याही हातात मी तो दिला. वादळानंतर एकाच रात्रीत सगळं बंद. टॉवर पडलेले, चार्जिंग नाही. छपरं उडालेली, पोफळी एकमेकींवर आडव्या, मोठ्या माणसांच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. मुलांकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तीन दिवस मुलांनी नुसता उच्छाद मांडला. चौथ्या दिवशी मी बघितलं, देवळापाठी सहा-सात पोरं पडलेल्या पोफळीवर ओळीने बसली होती. ती एसटी होती. पुढे बसलेल्याच्या हातात सुपाचं कडं, मागे कंडक्टर, तिकिटं म्हणून फुटक्या कौलांच्या खापऱ्या. "मंडणगड, मंडणगड" ओरडत होता. पुढे दोन आठवडे ती एसटी चालली, त्याच खापऱ्यांची लगोरीही झाली. त्या महिन्यातलं काहीच मी कुणाला परत मागणार नाही. पण कंटाळा संपायला तीन दिवस लागले आणि तो कुणीही संपवला नाही, आपणहून संपला, एवढं मी तिथे बघितलं. आठवड्यातून एक दुपार असेल तर तीन दिवस लागत नाहीत. पहिल्या शनिवारी दीड तास धरा, चौथ्याला वीस मिनिटं.

व्हिडिओला शेवट नसतो, एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो, म्हणून मुलाला आपणहून थांबायची सवयच राहत नाही. कामाला शेवट असतो. टोपली रिकामी झाली की झालं. म्हणून मी शनिवारी खेळण्यांपेक्षा काम द्यायला सांगते, आणि कामांत वालाच्या बिरड्याला तोड नाही.

गेल्या वर्षी माझा नातू ठाण्याहून आला होता, चार वर्षांचा. आल्या आल्या वायफायचा पासवर्ड विचारला. पासवर्ड हा शब्द त्याला नीट म्हणता येत नव्हता, पण विचारला. मी कोमट पाण्यातले मोड आलेले वाल पुढ्यात घेऊन बसले होते. त्याला काही म्हटलं नाही. थोडा वेळ लोळला, मग बघायला आला. वाल अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचा, फुगीर बाजूने दाबायचा, की साल हातात आणि दाणा सुळकन बाहेर. त्याने दाबला तो थेट माझ्या चष्म्यावर. तो थांबला, आता ओरडा बसेल म्हणून माझ्याकडे बघितलं. मी पुसला चष्मा. मग काय, पुढचा पाऊण तास. आधी माझ्या चष्म्यावर, मग पातेल्यात नेम धरून, मग "आजी, हा बघ, याची शेपूट." मोडाला तो शेपूट म्हणत होता. पावशेर वाल कपाटाखाली गेले, ते मी झाडून काढले. रात्री बिरडं पानात पडल्यावर त्याने प्रत्येक दाणा उलटापालटा करून आपण सोललेला कुठला ते शोधलं. तुमच्या मुलाला हे जमेल. धाकटीला दाणे देऊ नका, तोंडात घालून ठसका लागतो. तिला टरफलं द्या, या सुपातून त्या टोपलीत आणि त्या टोपलीतून या सुपात. अडीच वर्षांच्या मुलाला एवढंच लागतं. आणि एक शब्द तिच्यासाठी प्रत्येक मुठीला म्हणा: "घे." "दे." "पडलं." बोलायला शिकवायची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

दुसरं काम वाती. सासूबाईंना फुलवाती वळता येत असतीलच. मुलाच्या वाती वेड्यावाकड्या होतील. त्यातलीच एक संध्याकाळी देवापुढे लावायची. आपला शनिवार आपल्याच वातीने संपला हे त्याला दिसतं.

हे सगळं माझ्या डोक्यातून आलेलं नाही. याच किनाऱ्यावर, वर पालघर जिल्ह्यात, बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. आणि महागडी मॉन्टेसरीची साधनं परवडत नाहीत म्हटल्यावर शिंपले, बिया, पानं, खडे यांचीच साधनं केली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मी प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, आपल्या मागच्या दारी तर ही साधनं पायाखाली येतात.

पण जरा जपून. आपल्याकडच्या सगळ्याच बिया मुलांच्या हाती द्यायच्या नसतात. गुंजा दिसायला सुंदर, पण विषारी. चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. त्या घरातच ठेवू नका. काजूची कच्ची बी दाताने फोडली की तेलाने ओठ भाजतात. चिंचोके, सागरगोटे मोठ्यासाठी छान, धाकटीपासून दूर. तिला करवंट्या, मोठे शिंपले, वाळलेल्या आंब्याच्या कोयी. आणि चिऱ्यांच्या गडग्यात हात घालायचा नाही, हे मोठ्याला फुरसं या विषारी सापाचं नाव घेऊनच सांगा. उगाच बागुलबुवा सांगू नका.

जेवणाचं वेगळं सांगते, कारण बहुतेक घरांत खरी अडचण तीच असते आणि लोक ती लिहीत नाहीत. आमच्याकडे एक मुलगी आली, पावणेतीन वर्षांची. डबा उघडला की ती आधी डब्याचं झाकण पाण्याच्या बाटलीला टेकवून उभं करायची, नीट, जरा तिरकं. मग त्या झाकणाकडे बघत तोंड उघडायची, कुणीतरी भरवेल म्हणून. पहिल्या दिवशी आम्हाला कळलंच नाही काय करतेय. कळलं तेव्हा माझी मदतनीस तोंडाला पदर लावून हसली, आणि मग दोघीही गप्प झालो. आम्ही झाकण काढून घेतलं नाही. फक्त भरवलं नाही. दोन दिवस ती उपाशी घरी गेली, तिच्या आईला मी आधी सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाच्या डब्यातलं घावन तिने हाताने उचललं. झाकण पुढे पंधरवडाभर उभं राहत होतं, हळूहळू आडवं झालं. तुम्ही शनिवारी दुपारी सगळे खाली पंगतीला बसा, मुलांना हाताने जेवू द्या, आणि ती नेहमीपेक्षा कमी जेवतील हे धरून चाला. फोन बघत खाताना पोट भरल्याचं कळत नाही, त्यामुळे नेहमीचं जेवण हे माप धरू नका. चारला भूक लागेल. लागू दे.

समुद्र जवळ असेल तर पावसाळा सोडून महिन्यातून दोन शनिवार तिथेच जातात. दोनच का, तर भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. सात दिवसांत सुमारे सहा तास. म्हणजे या शनिवारी संध्याकाळी भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी ओहोटी. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, साडेचारला पुरी भरती. त्या दिवशी संध्याकाळी नेऊ नका. पुढचा शनिवार त्रयोदशीचा, तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. चारला निघालात तर ओली वाळू, कुर्ल्यांची बिळं, शिंपले, सगळं उघडं. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पाच वर्षांच्या मुलाला कॅलेंडरवर तिथी शोधायला लावा, हिशेब तुम्ही करा. महिनाभरात तो तुम्हालाच सांगेल की आज पाणी वर आहे. जून-जुलैत मात्र किनाऱ्याचं नाव नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, ज्यांचं आयुष्य समुद्रावर गेलं तेही होड्या वर ओढून बसतात; आपण मुलं घेऊन पाण्यापाशी काय करायचं?

पावसाचं भय वाटतं म्हणालात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याला कंटाळून चालणारच नाही. माझ्या मते शनिवारची दुपार पावसातच सोपी जाते. पडवीत पागोळ्यांखाली तांब्या, पातेलं, पत्र्याचा डबा, करवंटी ओळीने मांडा. प्रत्येकाचा आवाज वेगळा. पाणी चढत जातं तसा आवाज बदलतो. मोठा ते आपणहून शोधून काढेल, मग भांडी हलवून बघेल. तासभर जातो. भिजली तर भिजली, अंग पुसून सुकं घाला आणि आल्याचा चहा तुम्ही घ्या. शेताच्या, गोठ्याच्या चिखलात अनवाणी मात्र नको. लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) आपल्याकडे नवा नाही. पायाला जखम असेल तर मुळीच नको, आणि आल्यावर साबणाने पाय.

काही शनिवार मोडतील. ताप आला, पाहुणे आले, सासूबाईंची बहीण टीव्ही लावून बसली. मोडला तर मोडला. रविवारी भरपाई करायची नाही, पुढच्या शनिवारी दप्तर खुंटीला लागलं की पुन्हा सुरू. आणि या एका दुपारीने मुलं हुशार होतील, शांत होतील असं काही मी तुम्हाला सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं, त्यातलं "दोन ते चार वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, कमी तर अधिक बरं" एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याच कागदात तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तीन तास हालचाल आणि दहा ते तेरा तास झोप असंही आहे, त्याबद्दल मला आजवर एकाही पालकाने विचारलेलं नाही. शनिवारी रात्री तुमची मुलं किती वाजता आडवी झाली आणि त्यांना किती पटकन झोप लागली, तेवढं बघा. दुसरं काही मोजू नका.

येत्या शनिवारसाठी वाल गुरुवारी रात्री भिजत घाला. शुक्रवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधा आणि उबेला ठेवा. पावसाळी हवेत मोड यायला वेळ लागतो, तेव्हा शनिवारी सकाळी एकदा फडकं सोडून बघा. मुलगा शाळेतून यायच्या आधी अर्धा तास कोमट पाण्यात टाका, आणि वाल अर्धा किलो जास्तच घ्या. बरेच कपाटाखाली जातात.